सेनेगलचा सोशालिस्ट पक्ष: चाळीस वर्षांची सत्ता घरच्याच मतांनी कशी गेली

२७ फेब्रुवारी २००० ला सेनेगलमधे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. सत्ताधारी सोशालिस्ट पक्षाच्या अब्दू दियुफना ४१.३ टक्के मतं पडली, आणि तीन आठवड्यांनी १९ मार्चच्या दुसऱ्या फेरीत पडली ४१.५ टक्के. म्हणजे सगळी सरकारी यंत्रणा, सगळे मंत्री, गावोगावचे पुढारी कामाला लावूनसुद्धा आकडा होता तिथेच राहिला, आणि समोरचे अब्दुलाय वाद मात्र ३१ वरून थेट ५८.५ वर गेले. स्वातंत्र्यापासून चाळीस वर्षं सलग सत्तेत असलेला पक्ष त्या रात्री हरला.

यावर सगळीकडे एकच उत्तर वाचायला मिळतं की लोक कंटाळले होते, बदल हवा होता. खरंय ते, पण अर्धंच. पहिल्या फेरीत तिसऱ्या नंबरवर कोण होतं बघा, मुस्तफा नियास १६.८ टक्के, आणि चौथ्यावर जिबो का ७.१ टक्के. हे दोघंही सोशालिस्ट पक्षातच वाढलेले, दोघंही दियुफ यांच्याच सरकारात मंत्री राहिलेले, आणि दोघंही मागच्या दोनेक वर्षांत पक्ष सोडून गेलेले. दोघांचे मिळून जवळपास २४ टक्के होतात. ती सगळीच्या सगळी मतं पक्षाची होती असं मी म्हणत नाही, पण त्यातली निम्मी जरी घरात राहिली असती तरी दियुफ पहिल्याच फेरीत निवडून आले असते. वादना सत्ता मिळाली ती सोशालिस्ट पक्ष आतून फुटला म्हणून, आणि तो का फुटला हे कळायला भुईमुगाच्या शेतापर्यंत मागे जावं लागतं.

हा पक्ष सुरू झाला तोच मुळी खेड्यातून. फ्रेंचांच्या काळात सेनेगलमधे सेंट-लुई, डाकार, गोरे आणि रुफिस्क या चार शहरांतल्या लोकांना फ्रेंच नागरिकांचे हक्क होते, मतदान होतं, पुढारी होते, आणि बाकीचा अख्खा देश नुसती प्रजा. दुसऱ्या महायुद्धानंतर मताचा हक्क हळूहळू गावांत पोचायला लागला, तेव्हा शहरी पुढारी लामिन गेय यांचा फ्रेंच समाजवादी पक्षाशी जोडलेला गट जुन्याच पद्धतीने चालला होता. लेओपोल सेदार सेंघोर त्याच गटात होते, कवी, फ्रेंच भाषेचे प्राध्यापक, जोआल गावचे, सेरेर जमातीचे आणि कॅथलिक, म्हणजे जवळजवळ पूर्ण मुस्लिम देशात दोन्ही अर्थांनी अल्पसंख्य. १९४८ मधे ते बाहेर पडले आणि मामादू दिया यांना घेऊन त्यांनी नवा पक्ष काढला. ते गावोगाव फिरले, शेतकऱ्यांच्या घरी राहिले, आणि मुख्य म्हणजे मुस्लिम धर्मगुरूंशी, ज्यांना तिथे मराबू म्हणतात, त्यांच्याशी नातं जोडलं. १९५१ मधे फ्रेंच संसदेच्या सेनेगलच्या दोन्ही जागा या पक्षाने जिंकल्या. १९५८ मधे लामिन गेय यांचाच गट यांच्यात विलीन झाला आणि पक्षाचं नाव झालं सेनेगली प्रोग्रेसिव्ह युनियन. १९७६ मधे त्याचाच सोशालिस्ट पक्ष झाला.

मराबूंचं महत्त्व समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सेनेगलमधे मुरीद नावाचा सूफी पंथ आहे, तूबा हे त्यांचं पवित्र शहर, आणि संस्थापक आमादू बांबा १९२७ मधे वारले. या पंथाच्या अनुयायांनी भुईमुगाखाली प्रचंड जमीन आणली, कारण गुरूसाठी शेतात राबणं हीच तिथे भक्ती मानली जाते. आणि भुईमूग म्हणजे त्या काळचा अख्खा सेनेगल, स्वातंत्र्याच्या वेळी देशाच्या निर्यातीतला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा शेंगदाणे आणि त्याच्या तेलाचा होता. त्यामुळे ज्याच्याकडे मराबू त्याच्याकडे शेतकरी, आणि ज्याच्याकडे शेतकरी त्याच्याकडे देश असा सरळ हिशोब होता. पंथप्रमुखाने, म्हणजे खलिफाने आदेश दिला, त्याला न्दिगेल म्हणतात, की अमक्याला मत द्या, तर अनुयायी देत. बदल्यात सरकार मराबूंना कर्ज, बियाणं, जमिनी, रस्ते द्यायचं.

आता यात समाजवाद कुठे होता? माझ्या मते तो एकाच माणसाकडे गंभीरपणे होता, मामादू दिया. १९६० मधे सेंघोर राष्ट्राध्यक्ष झाले आणि दिया पंतप्रधान. दियांना भुईमुगाचा व्यापार फ्रेंच कंपन्या आणि मधल्या दलालांच्या हातून काढून शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्यांकडे द्यायचा होता, आणि पाचसहा वर्षांत शेतकऱ्यांनी स्वतः सोसायट्या चालवाव्यात म्हणून गावागावातून तरुणांना ट्रेनिंग द्यायचं काम सुरू पण झालं होतं. हे कोणाला नको होतं ते सांगायला नको. फ्रेंच व्यापाऱ्यांना, मोठ्या मराबूंना, आणि स्वतःच्याच पक्षातल्या आमदारांना, कारण त्यांचे उद्योगधंदे याच साखळीवर चालत होते. डिसेंबर १९६२ मधे पक्षाच्याच आमदारांनी दियांवर अविश्वास ठराव आणला, दियांनी पोलिस घालून संसद रिकामी करायला लावली, मग आमदार लामिन गेय यांच्या घरी जमले आणि १७ डिसेंबरला ठराव पास केला. दुसऱ्या दिवशी दियांना अटक झाली. १९६३ मधे जन्मठेप झाली आणि पार केदुगूला, देशाच्या आग्नेय टोकाला ठेवलं, सुटका थेट १९७४ मधे. संसद रिकामी करणं चूकच होतं, पण चौदा वर्षं सोबत राहिलेल्या साथीदाराला अकरा वर्षांहून जास्त कोठडीत ठेवणं याचं समर्थन मला कधीही करता येणार नाही.

त्यानंतर पंतप्रधानपदच रद्द झालं, सगळी सत्ता सेंघोर यांच्याकडे आली, विरोधी पक्षांवर बंदी तरी आली किंवा ते पोटात घेतले गेले, इतिहासकार शेख आंता दियोप यांचे पक्ष एकामागून एक बंद पाडले, आणि १९६६ पासून व्यवहारात एकच पक्ष उरला. सोसायट्या मात्र राहिल्या, आणि इथेच खरी गोम आहे. १९६६ मधे ऑनकाद नावाचं सरकारी महामंडळ काढलं, सगळ्या सोसायट्या त्याच्या ताब्यात. बियाणं तिथूनच उधार मिळणार, खत आणि अवजारं तिथूनच, आणि माल पण त्यालाच घालायचा. वजनात मारायचं, बियाणं उशिरा द्यायचं, पैसे महिनोनमहिने द्यायचे नाहीत, कर्ज मात्र वेळेत कापून घ्यायचं, आणि सोसायटीचा अध्यक्ष कोण तर पक्षाचा स्थानिक पुढारी नाहीतर मराबूचा माणूस. शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आणलेली संस्था शेतकऱ्याला पिळायचं यंत्र झाली. मला वाटतं पक्षाचा ऱ्हास खरं तर इथूनच सुरू झाला, प्रत्येक निवडणूक एकतर्फी जिंकत असताना.

१९६७ च्या सुमारास फ्रान्सने शेंगदाण्याला दिलेला चढा भाव काढून घेतला, शेतकऱ्याच्या हातात येणारी किंमत पडली, त्यात १९६८ पासून दुष्काळ. लोकांनी काय केलं तर मोर्चे नाही काढले, भुईमूग कमी लावला आणि घरच्या पोटासाठी बाजरी लावायला सुरुवात केली, माल सीमेपलीकडे गांबियात नेऊन विकला, कर्ज फेडायचं थांबवलं. त्याला तिथे शेतकऱ्यांची अस्वस्थता असंच नाव पडलं. मुरीदांचे नवे खलिफा अब्दुल अहद यांनी सुद्धा शेतकऱ्यांची बाजू उघडपणे घेतली. सेंघोर घाबरले, कर्जमाफी दिली, भाव वाढवला, काही वर्षं ठीक गेली. पण ऑनकाद तसंच राहिलं आणि शेवटी १९८० मधे डोक्याएवढं कर्ज करून बंद झालं. ते बंद झालं आणि गावातल्या पुढाऱ्याकडे वाटायला असलेली मोठी गोष्ट संपली. इथून पुढे पक्षाला गावाशी बांधणारी दोरी रोज थोडी थोडी सुटत गेली.

सेंघोर यांचं श्रेय द्यायचं तर एका गोष्टीचं नक्की द्यायला हवं. १९६८ मधे डाकार विद्यापीठात आणि कामगारांत मोठा उठाव झाला, त्याने ते हादरले, आणि हळूहळू दार उघडायला लागले. १९७० मधे पंतप्रधानपद परत आणून त्यावर अब्दू दियुफ हा तरुण अधिकारी बसवला. १९७४ मधे वकील अब्दुलाय वाद यांना पक्ष काढू दिला. १९७६ च्या घटना दुरुस्तीत तीन पक्षांना परवानगी, एक उदारमतवादी, एक लोकशाही समाजवादी, एक मार्क्सवादी, आणि कोणी कुठली जागा घ्यायची ते पण सरकारनेच ठरवलेलं, मधली समाजवादी जागा अर्थातच स्वतःकडे. त्याच वर्षी नाव बदललं आणि पक्ष आंतरराष्ट्रीय समाजवादी संघटनेत गेला. ३१ डिसेंबर १९८० ला सेंघोर यांनी स्वतःहून राजीनामा दिला आणि दियुफना गादी दिली. आफ्रिकेत त्या काळात एवढा मोठा नेता कोणी ढकलल्याशिवाय उठून जाणं ही साधी गोष्ट नव्हती. दियुफ यांनी १९८१ मधे पक्षसंख्येवरची मर्यादाच काढून टाकली.

मग आकडे बघत जा. १९७८ मधे सेंघोर ८२ टक्के, १९८३ मधे दियुफ ८३.५, १९८८ मधे ७३.२, १९९३ मधे ५८.४, २००० मधे ४१.३. १९८३ पासून पुढे प्रत्येक वेळी दहा ते सतरा टक्क्यांनी घसरण. आणि पहिले दोनतीन आकडे तर खरे मानायचे का हाच प्रश्न आहे, कारण ८३ आणि ८८ ला मतदान गुप्त करायची सक्तीच नव्हती, पडद्यामागे जायचं की नाही ते मतदाराने ठरवायचं, आणि पक्षाचा माणूस तिथेच उभा. जो पडद्यामागे गेला तो विरोधातला हे गावाला लगेच कळणार.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातच नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या अटींनी झाली. सबसिडी कापा, नोकरभरती थांबवा, सोसायट्यांना बियाणं उधार देणं बंद करा. समाजवादी नावाचा पक्ष हे सगळं राबवत होता आणि त्याच्याकडे दुसरा मार्गही नव्हता. पदवी घेतलेली पोरं घरी बसली. पूर्वी सरकारी नोकरी हा शहरी तरुणाला पक्षाशी जोडणारा धागा होता, तो तुटला. १९८२ पासून दक्षिणेत कासामांसमधे वेगळं होण्याची चळवळ पेटली ती अजून पूर्ण विझलेली नाही. आणि १९८८ मधे वादच्या सभांना डाकारमधे अशी गर्दी की बास, तोंडात एकच घोषणा, ‘सोपी’, तिथल्या वोलोफ भाषेत बदल. निकाल लागला, दंगली झाल्या, आणीबाणी लावली, वादना आत टाकलं. त्या वर्षी शाळा-विद्यापीठांचं अख्खं वर्ष वाया गेलं. त्या निवडणुकीत खलिफा अब्दुल अहद यांनी दियुफसाठी उघड न्दिगेल दिला होता, आणि तरी शहरातल्या खूप मुरीद तरुणांनी तो पाळला नाही. नंतरचे खलिफा सालिऊ एम्बाके यांनी १९९३ आणि २००० ला असा आदेशच दिला नाही. १९४८ ला जी दुसरी दोरी बांधली होती ती पण अशी सुटली.

८८ च्या धक्क्यानंतर दियुफ यांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. न्यायाधीश केबा एम्बाय यांच्या अध्यक्षतेखाली सगळ्या पक्षांना बसवून नवा निवडणूक कायदा करायला लावला आणि तो १९९२ ला जसाच्या तसा मंजूर केला. मतदानाचं वय १८, पडद्यामागे जाणं सक्तीचं, मतमोजणीत विरोधकांचे प्रतिनिधी. ५८ टक्के हा १९९३ चा आकडा या कायद्याखालचा पहिला, म्हणून माझ्या मते पक्षाची खरी ताकद मोजणारा पण पहिलाच, आणि त्यातही डाकार आणि थियेस हे दोन शहरी विभाग वादने घेतले. त्या निवडणुकीची जखम पण आहेच, निकालाच्या घोळात केबा एम्बाय यांनी घटना परिषदेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि मे महिन्यात तिचे उपाध्यक्ष बाबाकार सेय यांची हत्या झाली.

जानेवारी १९९४ मधे सेनेगलचं चलन असलेल्या, फ्रान्सच्या चलनाशी बांधलेल्या सीएफए फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्मी केली. आयात तांदळावर जगणाऱ्या डाकारसाठी याचा अर्थ काय होता ते कोणालाही कळेल. फेब्रुवारीत दंगल झाली, पोलिसांचे जीव गेले, वाद पुन्हा आत. आणि त्याच वर्षी सुद एफएम हे खासगी रेडिओ स्टेशन सुरू झालं, त्याची आठवण पुढे येणार आहे.

आता पक्षाच्या आत काय चाललं होतं ते बघू. सोशालिस्ट पक्षात पूर्वापार गट होते, प्रत्येक गावात, प्रत्येक तालुक्यात दोन, आणि सभासद कार्डं किती खपली त्यावर कोणाला किती प्रतिनिधी आणि कोणाला तिकीट हे ठरायचं, म्हणून पुढारी स्वतःच्या पैशाने गठ्ठ्याने कार्डं विकत घेऊन वाटायचे. गटबाजी वाईटच, पण तिचा एक उपयोग होता, हरलेला गट पुढच्या वेळी जिंकायची आशा ठेवून आत राहायचा, आणि वरून सेंघोर दोघांना काहीतरी देऊन जुळवून घ्यायचे. दियुफ हे प्रशासनातून आलेले, त्यांना या माणसांत रस नव्हता. त्यांनी सेंघोर यांच्या जुन्या सरदारांना बाजूला केलं, आधी झां कोलां नावाचे मूळचे फ्रेंच असलेले अधिकारी सगळं चालवायचे, १९९० ला ते गेल्यावर हळूहळू उस्मान तानोर दियेंग हा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातला माणूस पुढे आला.

मार्च १९९६ चं अधिवेशन हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला निर्णायक क्षण आहे. दियुफ पक्षाचे अध्यक्ष झाले आणि तानोर दियेंग पहिले सचिव, टाळ्यांच्या गजरात, मतदान नाही, चर्चा नाही. सेनेगलमधे ते बिनचर्चेचं अधिवेशन म्हणूनच लक्षात राहिलं. नियास आणि जिबो का दोघंही तानोरपेक्षा ज्येष्ठ, सेंघोर यांच्या काळापासूनचे, आणि या दोघांचं आपसातही पटत नव्हतं, १९८४ मधे पक्षाच्या बैठकीत दोघांची हाणामारी होऊन नियासचं मंत्रिपद गेलं होतं. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं, पण पुढचा राष्ट्राध्यक्ष आतून ठरून गेलाय आणि आपल्याला आता कधीच संधी नाही हे दोघांनाही एकाच दिवशी कळलं. जिबो कानी आधी पक्षातच नूतनीकरणाचा गट काढला, त्यांना शिस्तभंगाची कारवाई मिळाली, मग वेगळा पक्ष काढून १९९८ च्या संसद निवडणुकीत ११ जागा घेतल्या. त्या निवडणुकीत सोशालिस्ट पक्षाला १४० पैकी ९३ जागा मिळाल्या म्हणून जल्लोष झाला, पण मतं होती जेमतेम ५० टक्के. हा इशारा कोणी वाचला नाही. उलट त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांवरची दोन मुदतींची मर्यादा काढून टाकली, सिनेट नावाचं नवं सभागृह काढलं, आणि विरोधकांचा बहिष्कार असल्याने त्यातल्या निवडून द्यायच्या सगळ्या ४५ जागा पक्षाने घेतल्या. बाहेर गेलेल्यांना परत बोलवायच्या वेळी आत असलेल्यांसाठी खुर्च्या बनवल्या. जून १९९९ मधे नियास यांनी जाहीर पत्रक काढून पक्षाला रामराम केला.

वाद तेव्हा ७० च्या पुढे, चार वेळा हरलेले, वर्षभर पॅरिसमधे जाऊन बसलेले. डाव्या पक्षांनी, म्हणजे आयुष्यभर मार्क्स मानणाऱ्या लोकांनी, या उदारमतवादी माणसाला परत बोलावलं कारण जिंकू शकणारा दुसरा कोणी दिसत नव्हता. पहिल्या फेरीनंतर नियास वादकडे गेले. जिबो का शेवटच्या क्षणी दियुफकडे परतले, पण त्यांची मतं आली नाहीत, आकडाच सांगतोय, ४१.३ चे ४१.५. मतदार एकदा घर सोडून गेला की नेत्याच्या मागे परत येतोच असं नाही, आणि पक्षाच्या लोकांना हे कळलंच नव्हतं कारण त्यांच्या डोक्यात मतं अजून पुढाऱ्याच्या मालकीची होती.

१९ मार्चच्या रात्री सुद एफएमसारख्या रेडिओवाल्यांची पोरं मोबाईल घेऊन मतदान केंद्रांवर उभी होती, फळ्यावर आकडा लागला की लगेच लाइव्ह. अख्खा देश कानाला ट्रान्झिस्टर लावून बेरीज करत होता, मधे कुठे आकडे बदलायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकृत निकालाची वाट न बघता दियुफ यांनी वादना फोन करून अभिनंदन केलं. गोळी नाही, लष्कर नाही. नियास पंतप्रधान झाले.

आणि मग पक्ष किती पोकळ होता ते दिसलं. काही महिन्यांत महापौर, आमदार, गावचे पुढारी रांगा लावून वादच्या पक्षात गेले. २००१ च्या संसद निवडणुकीत १२० पैकी १० जागा. २००७ ला तानोर दियेंग १३.६ टक्के, २०१२ ला ११.३ टक्के, आणि मग त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेल्या माकी साल यांच्या आघाडीत जाऊन बसले. डाकारचे महापौर खलिफा साल हा २००९ पासून लोकांत स्वतःची ताकद असलेला एकमेव सोशालिस्ट होता, त्याला आघाडी सोडून स्वतंत्र लढायचं होतं. २०१६ मधे घटनादुरुस्तीवरच्या सार्वमताच्या प्रश्नावरून पक्षाच्या मुख्यालयातच मारामारी झाली, २०१७ मधे महापालिकेच्या निधीच्या प्रकरणात त्याला अटक झाली, आणि तो तुरुंगात असताना वर्षाच्या शेवटी पक्षाने त्याला आणि त्याच्या डझनावारी साथीदारांना काढून टाकलं. १९९६ मधे जे केलं तेच पुन्हा, या वेळी हातात सत्ता पण नसताना. २०१९ मधे तानोर दियेंग वारले. २०१२ नंतर सोशालिस्ट पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाला स्वतःचा उमेदवार उभाच केलेला नाही, आणि २०२४ मधे ज्या आघाडीत तो होता ती पण पहिल्याच फेरीत विरोधी उमेदवार बासिरू दियोमाय फाय यांच्याकडून हरली.